फुकट टॅब, फुकट घड्याळ : रविवार कट्ट्याच्या प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

चाचणीचा फोन तयार झाला. भाचीचा जुना अँड्रॉइड आहे. स्क्रीनच्या कोपऱ्याला तडा, बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत टिकते. रिसेट मारून कोरा केला, माझ्या नावावर नवीन प्रीपेड सिम घेऊन त्यात टाकलं. बँकेचं अ‍ॅप नाही, यूपीआय नाही, फोटो नाहीत, कॉन्टॅक्टची यादी रिकामी.

ठाण्यात कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मोबाईल-मदतीचा कट्टा बसतो. गणपतीच्या दिवसांपासून तिथे एकच प्रश्न फिरून फिरून येतोय : "हा फुकट टॅबचा मेसेज आलाय, भरू का?" टॅबच्या जागी कधी स्मार्ट घड्याळ, कधी लॅपटॉप, कधी कानातले इयरबड्स. दसरा-दिवाळीत हे वाढणारच. त्याआधी एक चार पानी मराठी पत्रक काढायचं ठरलं, आणि नुसतं ऐकीव लिहायचं नाही, आधी स्वतः फॉर्म भरून बघायचे असंही ठरलं.

नानांना (बँकेतून निवृत्त, आमचे खजिनदार) चार पानं जास्त वाटतात. "एका ओळीत संपतं रे. फुकट काही नसतं, असं मोठ्या अक्षरात छाप आणि मोकळा हो." मला ती ओळ पटत नाही, पण का पटत नाही ते आज नीट सांगता आलं नाही. तूर्त पत्रकाचं शीर्षक रिकामं ठेवलंय.

भाचीची सूचना उत्तम : प्रत्येक फॉर्ममध्ये वेगळं नाव टाकायचं, म्हणजे नंबर कुठून फुटला ते कळेल. नावं लक्षात राहावीत म्हणून नक्षत्रांच्या क्रमाने घेतली. पहिला फॉर्म अश्विनी पाटील, दुसरा भरणी पाटील, पुढे कृत्तिका, रोहिणी अशी. वहीत रकाने तीन : काय मागितलं, कधी मागितलं, आणि पैसे कोण देतंय.

९ सप्टेंबर

अश्विनी पाटील यांना आज टॅब लागला. मेसेजमधली लिंक उघडली की एका मोठ्या दुकानाच्या नावाचं, रंगही अगदी तसेच असलेलं पान येतं. प्रश्न असे की नापास होणं अशक्य : तुम्ही पुरुष की स्त्री, आमचं दुकान माहीत आहे का. मग बंद खोक्यांची रांग. पहिलं खोकं रिकामं, दुसऱ्यात टॅब. आम्ही पान पुसून पुन्हा आलो, वेगळी खोकी निवडली, तरी पहिलं रिकामंच आणि दुसऱ्यात टॅबच. खाली "मला कालच मिळाला" असं लिहिणारे लोक आहेत. त्यांच्या नावावर बोट दाबलं तर काहीच उघडत नाही. सगळा मजकूर पानावरच लिहून ठेवलेला.

खरी गंमत हिरव्या पट्टीत. टॅब मिळण्याआधी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाच ग्रुपना पाठवायची, तसतशी पट्टी भरते. भाचीने शेअरचं बटण दाबलं, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, कोणालाही न पाठवता मागे आली. पट्टी पुढे सरकली. असंच करत गेली, पट्टी पूर्ण भरली. म्हणजे ती फक्त बटण किती वेळा दाबलं ते मोजते. तरी माणसं पाठवतात, आणि आपल्या मावशीकडून आलेली लिंक म्हणून पुढचा उघडतो.

पट्टी भरल्यावर टॅब नाहीच. एक अ‍ॅप उतरवा, मग दुसरं पान, मग जाहिरात, मग आणखी एक अ‍ॅप. शेवटी एक एपीके फाइल (प्ले स्टोअरला वळसा घालून फोनमध्ये प्रोग्रॅम टाकणारी) आली, तिला मेसेज वाचायची परवानगी हवी होती. तिथे थांबलो. मेसेज वाचायची परवानगी म्हणजे ओटीपी वाचायची परवानगी.

तिसरा रकाना भरला : जाहिरातदार पैसे देतात, पान चालवणाऱ्याला. टॅबचा खर्च या हिशोबात कुठे बसतच नाही. जून २०१९ मध्ये दिल्ली पोलिसांनी राजस्थानातल्या नागौरमधून एका तरुणाला पकडलं होतं, आयआयटीत पदव्युत्तर शिक्षण झालेला. सरकार दोन कोटी तरुणांना मोफत लॅपटॉप देणार अशी खोटी वेबसाइट त्याने चालवली होती आणि लाखोंनी तिथे आपली माहिती भरली होती. कमाई कशातून, तर पानावरच्या जाहिरातींतून. पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने मोफत लॅपटॉपचे असे मेसेज वेळोवेळी खोटे ठरवलेत, तरी ते दर हंगामात नव्या नावाने उगवतात.

१२ सप्टेंबर

आज ऑफिसमधून लवकर सुटलो, ऐरोलीहून येतानाच डोक्यात जुनी गोष्ट घोळत होती. घरी आल्यावर ती नीट उतरवून काढली. पत्रकात चौकट म्हणून जाईल.

२००४ साली अमेरिकेत एक वेबसाइट फुकट आयपॉड देत होती, आणि खरोखर देत होती. २० जीबीचा आयपॉड तेव्हा २९९ डॉलरला होता. अट अशी : आपण एखाद्या जाहिरातदाराची एक योजना घ्यायची, म्हणजे कसली तरी वर्गणी किंवा क्रेडिट कार्ड, आणि पाच मित्रांना आणून त्यांच्याकडूनही तेच करून घ्यायचं. सगळ्यांना वाटलं थाप आहे, पण लोकांच्या घरी खोकी यायला लागली. हिशोब साधा होता. प्रत्येक नव्या गिऱ्हाईकामागे जाहिरातदार वेबसाइटला कमिशन देई. सहा जणांचं कमिशन आयपॉडच्या किमतीच्या वर जाई. आणि जे तीन-चार मित्रांवर अडकत, त्यांचं कमिशन वेबसाइटकडेच राही, आयपॉड मात्र द्यावा लागत नसे.

म्हणजे ते फुकट नव्हतं, ती विक्रेत्याची नोकरी होती. पगार वस्तूच्या रूपात, तोही काम पूर्ण झालं तरच.

पुढचं प्रकरण जास्त महत्त्वाचं. ही वेबसाइट चालवणाऱ्या ग्रॅटिस इंटरनेट कंपनीवर मार्च २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने खटला भरला. माहिती कोणाला देणार नाही असं वचन देऊन लाखो ग्राहकांचे तपशील विकले, असा आरोप. त्याच सुमारास ती माहिती घेऊन ईमेल पाठवणाऱ्या डेट्रान मीडिया कंपनीने ११ लाख डॉलर भरून तडजोड केली. २००८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) व्हॅल्यूक्लिक कंपनीकडून २९ लाख डॉलर वसूल केले. तक्रार हीच की लॅपटॉप, आयपॉड "फुकट" म्हणून सांगितले, पण ते मिळवायला आधी खिशातून किती जाणार हे उघड सांगितलं नाही.

नानांना फोनवर वाचून दाखवलं. "मग माझंच खरं ना?" म्हणाले. नाही, नाना. वस्तू मिळत होती. घेणाऱ्याला ती परवडली का, हा वेगळा प्रश्न आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

कट्ट्यावर गर्दी. बहुतेक कामं नेहमीची : डिजिलॉकर, गॅसचं केवायसी, फोनची मेमरी भरली.

एक बाई मुलाला घेऊन आल्या. ऑनलाइन शिकवणीवाल्यांनी टॅब "फ्री" दिलाय, दोन वर्षांचा कोर्स. मुलाला शिकवणं आवडेना, म्हणून त्यांनी कोर्स बंद करायला सांगितलं. टॅब परत घ्यायलाही तयार होते ते लोक. पण खात्यातून दरमहा हप्ता जातोच आहे. कागद बघितले तर तो फीचा हप्ता नाहीच, एका वित्त कंपनीच्या कर्जाचा हप्ता आहे. शिकवणीच्या कंपनीला पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी मिळाली. कर्ज उरलं बाईंच्या नावावर. सही कुठे केली? टॅब दाखवायला आलेल्या मुलाच्या फोनवर, ओटीपी सांगून.

"फ्री म्हणाला होता हो तो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम सप्टेंबर २०२२ पासून आहेत. कर्ज देणाऱ्याने वार्षिक व्याजदरासकट सगळ्या अटी एका पत्रकात आधी द्यायच्या, आणि सुरुवातीचे काही दिवस असे ठेवायचे की मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येईल. बाईंची ती मुदत कधीच उलटली होती. वित्त कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र करून दिलं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. नानांनी मसुदा बघितला, दोन वाक्यं कडक केली. बँकेतला माणूस असा उपयोगी पडतो.

आजवरचा हा सगळ्यात महाग टॅब. आणि इथे ठकसेन कोणीच नाही. प्रत्येक कागदावर शिक्का आहे.

१८ सप्टेंबर

कायदा वाचला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यात "फुकट" म्हणण्यावर वेगळं कलम आहे. जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू घरी आणण्याचा अपरिहार्य खर्च सोडून आणखी काही घेणार असाल तर फुकट म्हणायचं नाही. पॅकिंग, हाताळणी, प्रशासन असल्या नावांनी पैसे लावायचे नाहीत. आणि संचाच्या किमतीत जी वस्तू धरलेलीच आहे तिला फुकट म्हणायचं नाही. रविवारच्या बाईंचा टॅब नेमका इथे बसतो. त्यांच्या पत्रात हा मुद्दा नव्हता, पुरवणी पत्र आजच टाकलं.

मृग पाटील यांच्या नावाने मागवलेलं स्मार्ट घड्याळ आलं. "घड्याळ फुकट, फक्त डिलिव्हरीचे २९९." घरी आल्यावर पैसे द्यायचे होते म्हणून मागवलं. स्टेशनजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या भाऊंकडे नेलं. त्यांनी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि हसले.

"घाऊकमध्ये हे दीडशेच्या आसपास पडतं, साहेब. पन्नास पीस घ्या, आणखी खाली येईल."

मागच्या हिरव्या दिव्याने नाडी मोजते म्हणे. भाऊंनी ते टेबलावरच्या रेक्झिनवर ठेवलं. रेक्झिनचे ठोके ७८. (चांगल्या कंपनीची घड्याळंही निर्जीव वस्तूवर कधीमधी आकडा दाखवतात, हे त्यांनीच सांगितलं. पण मनगटावर बांधून जिना चढून आलो तरी हे ७८ वरच.) म्हणजे वस्तूची पूर्ण किंमत, नफा धरून, डिलिव्हरीच्या नावाखाली वसूल. कुरिअरचा खरा खर्च यातच आला.

२३ सप्टेंबर

मोठ्या ऑनलाइन दुकानांचे सेल सुरू झाले. चाचणीच्या फोनवर लिंकांचा पाऊस. पुनर्वसू आणि पुष्य पाटील कामाला लागले.

एका पानावर "फक्त ०४:५९ मिनिटं शिल्लक" असं उलट मोजणारं घड्याळ. शून्यावर आलं, काही झालं नाही. पान पुन्हा उघडलं, पुन्हा ०४:५९. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली, त्यात खोटी घाई लावणं पहिलं आहे. पत्रकात सगळ्या १३ देणार नाही. कोणी वाचणार नाही.

२७ सप्टेंबर

फोन आला. हिंदीत, अतिशय अदबीने. आर्द्रा पाटील यांना लकी ड्रॉमध्ये लॅपटॉप लागलाय. मी म्हटलं, मीच बोलतोय. पलीकडचा क्षणभर अडखळला, मग "सरजी" म्हणून पुढे चालू. लॅपटॉप ६० हजारांचा, सरकारी नियमाप्रमाणे ३० टक्के कर आधी भरावा लागेल, १८ हजार. क्यूआर कोड पाठवतो.

हा भाग मला नानांकडून समजून घ्यावा लागला, आणि पत्रकात यालाच जास्त जागा द्यायची आहे, कारण लबाडी इथे खऱ्या नियमाच्या पाठीवर बसून येते. लॉटरी किंवा सोडतीत १० हजारांवर बक्षीस लागलं तर आयकर कायद्याप्रमाणे ३० टक्के कर कापला जातो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर ती हातात देण्याआधी कर भरला गेलाय याची खात्री करणं हे देणाऱ्याचं काम. म्हणून "आधी कर" हे ऐकायला खरं वाटतं, आणि शिकलेला माणूसच आधी फसतो. त्याला नियम अर्धा माहीत असतो.

उरलेला अर्धा असा : तो कर तुमच्या पॅनवर सरकारजमा होतो आणि आयकराच्या तुमच्या वार्षिक नोंदीत दिसतो. तो कोणाच्या खासगी यूपीआय खात्यावर जात नाही.

मी विचारलं, तुमच्या कंपनीचा टॅन नंबर (कर कापणाऱ्याला आयकर खातं देतं तो) सांगता का? फोन ठेवला गेला.

भाचीने जोड दिली : यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. ही ओळ ठळक छापायची. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबरपासून बंद होतेय, त्यामुळे एक वाट कमी होईल. क्यूआरची वाट राहणारच.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटायला भाची नेरूळहून आली, तेवढ्यात वही काढली. नंबर कुठून फुटला त्याचा हिशोब तिनेच लावला. कर्ज देणाऱ्यांचे फोन "अश्विनी मॅडम" म्हणून येतात. शेअरच्या टिपा देणारा ग्रुप पुनर्वसूला घेऊन गेला. मुरबाडकडचे बंगलो प्लॉट रोहिणीला हवे आहेत असं कोणीतरी ठरवलंय. घड्याळवाल्याकडून मृग पाटील यांना मात्र एकही फोन नाही. त्याचं पोट घड्याळावरच भरलं असावं.

आईला नक्षत्रांचं कळलं तेव्हा ती म्हणाली, पुष्य चांगलं नक्षत्र आहे, त्याला तरी असल्या कामात घ्यायचं नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज पत्रकाच्या शीर्षकावरून नानांशी वाद झाला, आणि मला पहिल्या दिवशी जे सांगता आलं नव्हतं ते एका मुलीमुळे सांगता आलं.

अकरावी विज्ञानची मुलगी, ओबीसी प्रवर्गातली, वडील वागळे इस्टेटला कामाला. मैत्रिणीने तिला सांगितलं की महाज्योती फुकट टॅब देते. तिने अर्ज केला नाही, कारण घरी सगळे म्हणाले, फुकट काही नसतं, फसवतील. आता महाज्योती, म्हणजे नागपूरची महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, ही राज्य सरकारची संस्था आहे. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ती जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते, आणि त्यासाठी टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटाही. मिळालेली मुलं मी पाहिली आहेत. अर्ज संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर करायचा, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर, दहावीची गुणपत्रिका लागते. तिथे कोणी ग्रुपवर लिंक पाठवायला सांगत नाही, खोकी फोडायला लावत नाही.

नानांना म्हटलं, तुमची ओळ छापली असती तर या मुलीचं आणखी एक वर्ष गेलं असतं.

नाना गप्प राहिले, मग म्हणाले, "मग लिही की, पैसे कोण देतंय ते विचारा." तेच शीर्षक ठरलं : पैसे कोण देतंय?

महाज्योतीत पैसे सरकार देतं, आणि बदल्यात पात्रता बघतं. २०१७ साली जिओफोन "शून्य रुपयांत" म्हणून जाहीर झाला, त्यात १,५०० रुपये अनामत होती, तीन वर्षांनी फोन परत केला की परत मिळायची, आणि दरवर्षी ठरावीक रिचार्ज करायची अट होती. पैसे आपल्याच रिचार्जमधून, पण उघड सांगून. ज्याला तसंही रिचार्ज करायचंच होतं त्याला परवडलं. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारं हेडफोन कार्डाच्या वार्षिक फीमधून येतं. कार्ड लागणारच असेल तर घ्या, हेडफोनसाठी कार्ड घेऊ नका. आणि जिथे पैसे कोण देतंय याचं उत्तरच सापडत नाही, तिथे वस्तू यायची नाही.

मुलीला यंदाच्या अर्जाची मुदत कुठे बघायची ते दाखवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

नौपाड्यातल्या छापखान्यातून पत्रकं आली. चौथ्या पानावर फक्त "गेलेच पैसे तर" एवढंच आहे : लगेच १९३० ला फोन, मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, मग बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा मुद्दा नानांनी घालायला लावला : ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज बाळगून दोन दिवस गप्प बसू नये.

चाचणीचं सिम परत करायचं की नाही यावर चर्चा झाली. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. सगळी नक्षत्रं त्या बिचाऱ्याच्या गळ्यात. वर्षभर चालू ठेवायचं ठरलं. रिचार्जचा खर्च कट्ट्याच्या खात्यातून, नानांनी कुरकुर करत मंजूर केला.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल धनत्रयोदशी झाली, आज बाजार भरलेला. राम मारुती रोड आणि गोखले रोडवर पत्रकं वाटली. बहुतेक दुकानदारांनी घेतली. एका मोबाईलच्या दुकानात पाटी होती : "फोनवर इयरबड्स फ्री." मी सहज विचारलं, "बड्स नकोत, फोन कितीला?"

तो थोडा विचारात पडला. "सातशे कमी करतो."

भाचीने मागे वळून हसू दाबलं. जून २०२२ चं कलम त्याला समजावून सांगितलं, संचाच्या किमतीत धरलेली वस्तू फुकट म्हणायची नाही. त्याने शांतपणे ऐकलं, पत्रक घेतलं, म्हणाला, "साहेब, फ्री लिहिलं नाही तर गिऱ्हाईक आत येत नाही." पत्रक काचेवर चिकटवलंही, बड्सच्या पाटीच्या शेजारी.

राहिलेली कामं : कळव्याच्या मंडळाने शंभर प्रती मागितल्या आहेत. बाईंच्या कर्जाच्या तक्रारीला वित्त कंपनीचं उत्तर आलं पण गोलमोल आहे, लोकपालाचा अर्ज नाना या आठवड्यात भरणार. आणि पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत "बड्स नकोत, किती कमी?" हा प्रश्न घालायचा.